रेषेखालचं नाव

पाळकांनी तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं तेव्हा ती उभी होती, आणि सगळा घोटाळा त्या उभं असण्यातच होता. त्या मंडळीची रीत अशी, की रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची यादी बसून ऐकायची, डोळे मिटून. आणि प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची यादी आली की सगळ्यांनी उठायचं आणि मिनिटभर गप्प राहायचं. गेली सहा वर्षं तिच्या नवऱ्याचं नाव पहिल्या यादीत पहिलं असायचं. इतकं नेमानं पहिलं, की ते ऐकू येणंच बंद झालं होतं. रोजच्या रस्त्यावरच्या दुकानाची पाटी कुणी वाचतं का? त्या रविवारी ते पहिल्या यादीत आलं नाही हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ती चादरी वाळतील की नाही याचा विचार करत होती. मग सगळे उठले, तीही उठली. पाळकांनी एक नाव वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसरं तिच्या नवऱ्याचं वाचलं. पाळक नवे होते, दोन महिन्यांपूर्वी आलेले. तिच्या घरी अजून त्यांचे पाय लागले नव्हते. वाचायचे मात्र खणखणीत. ‘यांच्या आयुष्याबद्दल आपण देवाचे आभार मानू या,’ ते म्हणाले, आणि सगळी मंडळी माना खाली घालून गप्प झाली.

आता कुणीही शहाणी बाई काय करेल? ‘अहो, जिवंत आहे माझा नवरा,’ एवढंच तर म्हणायचं होतं. घरी पलंगावर आहे, सकाळी अर्धा कप चहा पाजून आलेय, हनुवटीवरचा पुसायचा राहिलाय बहुतेक. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी झालं. खांद्यांवरून काहीतरी उतरलं, अगदी खरोखरीचं, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणून ओट्यावर ठेवल्यावर बोटं पांढरी पडलेली असतात आणि मग त्यांत रक्त येतं, तसं. तिला पलंग दिसला, रबरी चादर नसलेला. खिडकी दिसली, सताड उघडी. एक लहानशी बॅग आणि बसमधली खिडकीजवळची जागा दिसली, बहिणीकडे जाणारी. तिला बरं वाटलं. हे दुसऱ्या कुठल्याही शब्दात सांगण्यात अर्थ नाही, बरं वाटलं. पुढच्या रांगांतली दोनचार डोकी हळूच मागे वळली. त्यांनी पाहिलं तर ती मान खाली घालून उभी, हात गुंफलेले. म्हणजे खरंच गेला बिचारा, असं त्यांनी ठरवलं आणि डोकी परत पुढे वळली. साठ सेकंद ती स्वतःच्या जिवंत नवऱ्यासाठी सगळ्यांबरोबर गप्प उभी राहिली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं.

नंतर व्हायची ती धावपळ झाली. एक नवी बाई येऊन तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘कळलंच नाही हो मला. कधी?’ तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं, ‘नाही, आहेत ते. चूक झाली असेल काहीतरी.’ त्या बाईनं हात असे सोडले की जणू चटका बसला. मग पाळक झगा सावरत आले, लाल झालेले. चिटणीसकाका आले, पांढरे पडलेले. मंडळीचे चिटणीस, वय सत्तरीचं. दर शनिवारी एकाच कागदावर वर आजारी आणि खाली गेलेले, मध्ये पट्टीनं मारलेली रेष, अशी यादी ते करायचे. काका कागद डोळ्यांपासून कधी हातभर लांब नेत, कधी नाकाला लावत. ‘असं कसं झालं,’ एवढंच पुन्हा पुन्हा. ‘असू दे काका,’ ती म्हणाली. ‘माणूसच आहोत.’ सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बघा, काय धीराची बाई आहे. हे त्यांचं ठरलेलं होतं. तिसऱ्या वर्षी तिला पुढे बोलावून साक्षही द्यायला लावली होती. ती म्हणाली होती, प्रभू रोजच्यापुरतं सामर्थ्य देतो, आणि बायकांनी डोळे पुसले होते. त्या दुपारी घरी येऊन तिनं नवऱ्याचं लघवीचं भांडं मोरीत असं आपटलं होतं की त्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

घरापर्यंत चालत वीस मिनिटं. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. घरातून बाहेर पडायचं असलं की ही शिवणवालीच वर येऊन नवऱ्याकडे बघते, पाणी देते, कूस बदलते. आणि हीच पुढच्या महिन्यात मुलीकडे कायमची चालली होती. तिथूनच तर सगळं सुरू झालेलं. नणंदेनं लगेच चक्रं फिरवली. शहराबाहेर मिशनचा आश्रम आहे, अशाच माणसांसाठी, स्वच्छ, परिचारिका आहेत, एक खाट रिकामी झाली आहे. ‘वहिनी, बुधवारपर्यंत धरून ठेवतील ते. तुम्ही सही तेवढी करा. माझा भाऊ आहे तो, मीच सांगतेय ना?’ अर्ज साखरेच्या डब्याखाली होता. त्याचा एक कोपरा बाहेर डोकावत होता आणि चहा करताना रोज दोनदा दिसत होता. सही करायची की नाही, एवढा एकच प्रश्न होता तिच्यापुढे. आश्रम वाईट नव्हता. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात, दोरखंडांच्या आणि ग्रीसच्या वासात त्याचा जन्म गेला, आणि आवाज असा की मंडळीत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. गीत सुरू झालं की शेवटच्या रांगेतून भोंगा वाजायचा आणि पेटी वाजवणारा हताश होऊन त्याच्या मागून जायचा. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत होता. ती दारातून म्हणाली, ‘आज मला उशीर होईल, जेवण गार खावं लागेल, चालेल ना?’ तो म्हणाला, ‘चालेल,’ आणि बुटांवरच कलंडला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. उरला तेवढा तो एक शब्द. दूध देऊ? चालेल. दुखतंय का? चालेल. मी कोण? चालेल. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून समजावलं, की कधीकधी तोंडातला शेवटचा शब्द तेवढा अडकून राहतो. त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका, दाराची कडी वाजावी तसं ते आहे. तिनं ते मान्य केलं. मान्य करणं सोयीचंही होतं. आमटी खारट झाली तरी चालेल, पाणी गार असलं तरी चालेल, ती दोन तास उशिरा आली तरी चालेल. पहिल्या वर्षी तिला रडू यायचं, दुसऱ्या वर्षी राग, आणि मग काहीच येईनासं झालं. आता अर्जाच्या बाबतीत तर फारच सोपं होतं. त्याला नुसतं विचारायचं. उत्तर ठरलेलंच होतं, आणि मग जन्मभर म्हणता आलं असतं, की मी विचारलं होतं त्यांना. म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं. एवढा प्रामाणिकपणा तिच्यात शिल्लक होता, पण तो कुठवर टिकेल याची तिला खात्री नव्हती.

सोमवारी दुकानात पहिलं काम चिटणीसकाकांचं निघालं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, मागच्या खोलीत, दिव्याखाली. काचेवर शाईचा ठिपका देऊन मध्य धरायचा, दगडावर पाण्याच्या धारेखाली कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवायचे. गिऱ्हाईक समोर बसलं की ती म्हणायची, ‘माझ्या नाकाकडे बघा,’ आणि त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची. वीस वर्षांत हजारो लोक तिच्या नाकाकडे बघून गेले असतील. ट्रेमध्ये काकांच्या चष्म्याचं पाकीट वरच होतं, त्यावर चिठ्ठी: बुधवारी दिला, शुक्रवारी तयार. तिच्याच अक्षरात. आणि मग तिचा हात थबकला. शुक्रवारी ती कामावर आलीच नव्हती, शनिवारीही नाही. शुक्रवारी पहाटे नवरा पलंगावरून घसरला होता, शिवणवाली आणि ती, दोघींनी मिळून त्याला वर घ्यायलाच तास गेला होता. म्हणजे शनिवारी काकांनी यादी चष्म्याशिवाय लिहिली. नवरा पडला म्हणून ती आली नाही, ती आली नाही म्हणून चष्मा झाला नाही, आणि चष्मा झाला नाही म्हणून नवरा मेला. ती खुर्चीवर बसून हसायला लागली. बाहेरून मालकांनी विचारलं, ‘काय हो, काय झालं?’ ‘काही नाही,’ ती म्हणाली. हसू थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की स्क्रू कुठेतरी उडालाय.

अकराच्या सुमारास काका आले. रात्रभर झोपले नसावेत. समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘बाई, मी चिटणीसपद सोडतो आहे. पाळकांना तसं लिहून देणार.’ ती गरम वाळूच्या यंत्रात चष्म्याची दांडी मऊ करत होती. ‘आधी चष्मा तर घाला. माझ्या नाकाकडे बघा.’ काकांनी बघितलं. तिनं दांड्या त्यांच्या कानामागे बसवल्या, जरा वाकवल्या. चष्म्यामागे काकांचे डोळे मोठे झाले आणि त्यांत पाणी दिसलं. ‘आधी सुटलंच होतं त्याचं नाव,’ ते म्हणाले. ‘सहा वर्षांचं नाव, आणि विसरलो! शेवटी आठवलं, तर जागा दिसेना. दिसली तिथे लिहिलं. रेष दिसलीच नाही मला.’ ‘दिसणार कशी? चष्मा माझ्याकडे पडला होता. शुक्रवारी देते म्हणाले आणि आले नाही.’ ‘म्हणून काय तुमची चूक?’ ‘मग तुमची तरी कशी?’ मग काका चाचरत म्हणाले, ‘पण तुम्ही ओरडला का नाहीत, बाई? मला वाटलं, तुम्ही ओरडाल. मी वाटच बघत होतो.’ तिनं वाळूचं यंत्र बंद केलं, फडक्यानं हात पुसले, बोट अन् बोट. ‘चष्मा नाकावरून घसरतोय का बघा जरा खाली वाकून,’ ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खिडकीतून पलंगाच्या पायथ्यापर्यंत ऊन आलेलं होतं. शिवणवालीनं त्याला उशांना टेकून बसवलं होतं. तिनं हातपाय धुतले, त्याचं अंग पुसलं, पावडर लावली, सदरा बदलला. हे सगळं ती हातांनी करायची, ती स्वतः त्यात नसायची. प्रार्थनाही अलीकडे तशीच व्हायची, जिना चढता चढता, पायरीला एक शब्द. नव्या पाळकांनी मागे एकदा तुरुंगात डांबलेल्या त्या प्रेषितावर प्रवचन दिलं होतं. साखळदंडात असूनही तृप्त होता म्हणे. असेल त्यात राहायला मी शिकलो, असं काहीसं त्यानं मित्रांना कळवलं होतं. तिला तेव्हा विचारावंसं वाटलं होतं, की शिकला ते ठीक, पण किती वर्षं लागली? आणि कुणी शिकवलं? तेवढं काही पाळकांनी सांगितलं नाही.

ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. ‘अहो, काल गंमत झाली,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला मारून टाकलं सगळ्यांनी. गेलेल्यांच्या यादीत नाव वाचलं. मंडळी उभी राहिली तुमच्यासाठी.’ त्याचा डावा गाल हलला, मग खांदा, मग पलंगच कुरकुरायला लागला. तो हसत होता. ‘चालेल,’ तो म्हणाला, ‘चालेल, चालेल,’ आणि ठसका लागेपर्यंत हसला. तिनं पाठ चोळली. आणि पाठ चोळता चोळता, त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा, तिनं सांगून टाकलं. ‘मीही उभी होते. मी नाही म्हणाले नाही. मला बरं वाटलं, अहो.’ हाताखालची पाठ थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो हळूच म्हणाला, ‘चालेल.’ कडी वाजली, तिनं मनात म्हटलं. कडी आहे ती, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तिला एकदम सगळ्याचा कंटाळा आला, स्वतःच्या प्रामाणिकपणाचासुद्धा. ती उठली, साखरेच्या डब्याखालचा अर्ज आणला, त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ‘तुमच्या बहिणीनं जागा बघितलीये. आश्रम आहे. चांगला आहे. मी येत जाईन रविवारी. जाल ना? चालेल?’ शब्दसुद्धा तिनंच त्याच्या तोंडात ठेवला.

तो काही बोलला नाही. ऐकू आलं नसेल म्हणून तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तो तिच्याकडे बघत राहिला. त्यानं मान फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत. औषध नको असलेल्या मुलासारखे ओठ तेवढे घट्ट मिटले. ती वाट बघत राहिली. शब्द संपला की काय? तेवढा एकही गेला? घाबरून ती म्हणाली, ‘पाणी देऊ?’ ‘चालेल,’ तो लगेच म्हणाला. तिनं पाण्याचं भांडं उचललं. ‘खिडकी लावू?’ ‘चालेल.’ ‘आश्रमात जाल?’ ओठ मिटलेले. तिच्या हातातलं भांडं कलतं होऊन पाणी तिच्याच पायावर सांडलं.

म्हणजे त्याला गप्प बसता येत होतं. सहा वर्षं, रोज, प्रत्येक वेळी त्याला गप्प बसता येत होतं आणि तो बसला नव्हता. ती स्टुलावर बसली आणि एकेक आठवायला लागलं. खारट आमटी. गार पाणी. ती कूस बदलताना घाईत त्याचा खांदा ओढायची तो. आणि दुसऱ्या वर्षीची ती दुपार, तिनं दूध सांडलं म्हणून त्याच्या चांगल्या हातावर फटका मारला होता, जोरात, आवाज येईल असा, आणि मग त्याच्याच पांघरुणात तोंड खुपसून माफ करा, माफ करा म्हणाली होती. तेव्हाही तो म्हणाला होता, चालेल. तिनं ते घेतलंच नव्हतं. कुणीतरी रोज दारात ठेवून जावं आणि आपण ते आपलं नाही समजून ओलांडून जावं, तसं सहा वर्षं चाललं होतं. मंडळी तिला धीराची म्हणत होती आणि असेल त्यात राहायला शिकणारा इथे पडला होता, रबरी चादरीवर, उजवीकडे तोंड करून. तिला लाज वाटली. आणि लाजेच्याही खाली काहीतरी घट्ट लागलं, पाण्यात पाय टेकावेत तसं. सहा वर्षांत प्रथमच तिनं देवाला काही मागितलं नाही की काही सांगितलं नाही; नुसती त्याच्यासमोर बसून राहिली. मग अर्थात तिला नवऱ्याचा रागही आला. ‘म्हणजे बोलत होतात तर!’ ती ओरडली. ‘सहा वर्षं! आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी… आणि आता नेमकं गप्प बसायचं सुचलं? मला किती त्रास होतो कळतंय का? मी मरेन एक दिवस अशानं, चालेल?’ त्यानं ओठ मिटले. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘हट्टी माणूस.’

मंगळवारी नणंदेचा फोन आला. ‘नाही पाठवत मी त्यांना,’ ती म्हणाली. ‘वहिनी, अहो, शिवणवाली गेल्यावर काय कराल? तुमची ताकद तरी किती असते?’ ‘ताकद नाहीच आहे,’ ती म्हणाली. ‘तेच लिहून दिलंय.’ नणंदेला काही कळलं नाही, आणि ते फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं. सकाळीच ती दुकानात जाण्याआधी काकांकडे जाऊन आली होती. अर्जाच्या कोऱ्या बाजूवर तिनं दोन नावं लिहून नेली होती, एकाखाली एक. काकांनी नवा चष्मा लावून कागद वाचला, मग पुन्हा वाचला. ‘हे दुसरं तुमचं आहे.’ ‘हो.’ ‘काय झालंय तुम्हाला?’ ‘थकलेय.’ काका विचारात पडले. पंचवीस वर्षांच्या चिटणीसपदात असा अर्ज आला नव्हता. ‘थकवा आजारात धरतात का, बाई?’ ‘ते मला काय माहीत? रेषेच्या वर लिहा म्हणजे झालं.’ काकांनी पट्टी काढली, रेष मारली, आणि तिच्यासमोरच तिचं नाव वर लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत, तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘आमची ही दुपारची मोकळीच असते. मलाही हल्ली दुपारी झोप लागत नाही. भोंग्याजवळ बसलो तर चालेल का त्याला?’ ‘त्यालाच विचारा,’ ती म्हणाली. ‘सांगतो तो.’

रविवारी ती नेहमीच्याच जागी, शेवटून दुसऱ्या रांगेत बसली होती. पाळकांनी आजाऱ्यांची यादी हातात घेतली, जरा सावधपणेच. नवऱ्याचं नाव पहिलं आलं. मग तिचं आलं. पुढच्या रांगांतली दोनचार डोकी हळूच मागे वळली. त्यांनी पाहिलं तर ती मान खाली घालून बसलेली, हात मांडीवर सैल पडलेले. डोकी परत पुढे वळली आणि खाली झुकली. सगळी मंडळी गप्प होती, तिच्यासाठी, आणि ती बसून होती. तिला फक्त बसायचं होतं. घरी त्याच्याजवळ चिटणीसकाकांच्या काकू होत्या. पहिलाच दिवस, त्यामुळे चारचारदा विचारत असतील. पाणी देऊ का, उशी सरळ करू का, खिडकी उघडू का. तो उत्तर देत असेल. नाहीतर नसेल देत. ते त्याचं तो ठरवेल.